पाणी उतरल्यावरची रजा

पाटीलबाबा,

तुमच्याशी एक गोष्ट खरी बोलायची होती. दोन वर्षं मी आज बोलू, उद्या बोलू करत राहिले. वसाहतीकडे येताना जीपमध्ये ठरवायचे, आणि तुम्ही अंगणात घोंगडी टाकून 'या बाई' म्हणालात की पाऊसपाण्याच्या गप्पा काढायचे. तुम्ही मात्र दोन दिवसांच्या तापाचं निमित्त करून निघून गेलात. परवा तुमचे दिवस झाले. आज मी जव्हारला केंद्रात, कुणी यायच्या आधी, टेबलाशी बसून तुम्हाला लिहिते आहे. आता लिहून काय उपयोग, असं तुम्ही म्हणणार नाही. तुम्ही तसं कधी कुणाला म्हणाला नाहीत.

हे इतरही वाचतील, म्हणून थोडं सांगते, तुम्ही कंटाळू नका. तुमचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि माणसं जामसरच्या अलीकडे माळावर, पत्र्याच्या वसाहतीत आणून ठेवली. शेती गेली, जंगल लांब राहिलं. या माणसांना कामाला लावायचं आणि आपल्या पायावर उभं करायचं, म्हणून एका संस्थेनं जव्हारमध्ये रोजगार केंद्र काढलं आणि तिथं मला नेमलं. मी बाजारपेठेतल्या दुकानदाराची मुलगी. समाजकार्याची पदवी घेतलेली, तोंडाने फटकळ, आणि आपल्याला सगळं कळतं याची पक्की खात्री असलेली. तुम्ही त्या बुडालेल्या गावचे पोलीस पाटील. गावाबरोबर पदही बुडालं, पण शिक्का तुमच्याकडे राहिला होता.

त्या शिक्क्यानंच आमचं केंद्र चाललं, हे मी कुठल्याच अहवालात लिहिलं नाही. नाशिकला म्हणा, वाड्याच्या कारखान्यात म्हणा, माणूस कामाला ठेवायचा तर मालक आधी विचारतो, ओळखीचं कोण आहे? तुमच्या माणसांच्या आधार कार्डावर जुन्या गावाचा पत्ता. एका मॅनेजरनं माझ्यासमोर तो पत्ता मोबाइलच्या नकाशात टाकला तर नुसतं निळं पाणी आलं. ही माणसं तळ्यात राहतात का, असं त्यानं मला हसत विचारलं. त्यानंतर तुम्ही पुढे आलात. आमच्या छापील फॉर्मच्या तळाशी 'मी या व्यक्तीला ओळखतो' अशी एक ओळ होती. तिच्याखाली तुमची सही आणि त्या नसलेल्या गावाचा गोल शिक्का. कायद्याने त्याला काही किंमत नव्हती, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. मालकांना मात्र तो बघून बरं वाटायचं.

सही करण्याआधी तुम्ही प्रत्येकाला समोर बसवायचात. ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्यालाही विचारायचात, तू कुणाचा, तुमचं घर गावाच्या कुठल्या अंगाला होतं. म्हातारा उगाच वेळ काढतोय असं वाटून मी घड्याळ बघत बसायचे. शेवटी तुम्ही ठरलेलं वाक्य म्हणायचात.

"मी सही केली म्हंजे मी तुझ्यासंगती कामाला आलो. माला तिथं मान खाली घालाया लावू नको."

हसायलाही तुम्ही खूप लावलंत. मुलाखतीचा सराव घ्यायचा म्हणून मी तुम्हाला साहेब केलं होतं, आठवतं? समोर उमेदवार घाम पुसत उभा, आणि तुमचा पहिला प्रश्न, जेवलास का? दुसरा, घरी कोण आजारी हाय का? सगळी वसाहत हसत सुटली आणि मी चिडले. साहेब असं विचारत नसतात, असं मी तुम्हाला सुनावलं. तुम्ही शांतपणे म्हणालात की मग त्या साहेबाला कळणार कसं, हा पोरगा आज काम करेल की नाही. मी लगेच चहाची सुट्टी जाहीर केली.

आपलं मोठं भांडण एका शब्दावरून होतं. तीन महिने एका जागी टिकलेल्या माणसाच्या फाइलवर मी 'स्वावलंबी' लिहायचे आणि फाइल बंद करायचे. मुंबईच्या ऑफिसला तेवढंच हवं असायचं. तिथले पाहुणे आले की त्यांना दाखवायला आधी शिरपामाळचं स्मारक, मग वसाहत, मग दाभोशाचा धबधबा, आणि परतीच्या गाडीत मी त्या बंद फाइलींबद्दल बोलायचे. तुम्हाला तो शब्द पटत नव्हता. तुम्ही विचारायचात, ज्याला दोन दिस घरी जायला भ्या वाटतं, तो कसला आपल्या पायावर? आमचे आजे सावकाराकडे वेठीला जायचे, त्यांनाही रोज काम होतं. मी म्हणायचे, बाबा, जग बदललंय, नोकरी म्हणजे नोकरी. तुम्ही मान हलवायचात. ती पटल्याची नव्हती, एवढं मला कळायचं.

दोन दिवस म्हणजे कुठले, तेही सांगते. दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं आणि तुमच्या जुन्या गावचा देव वर येतो. वसाहतीत तुम्ही नवा दगड बसवलात, पण जुना देव काही हलायला तयार झाला नाही, असं तुम्ही सांगायचात. तो गाळातून डोकं काढतो त्या दिवशी गावच्या प्रत्येक माणसानं तिथं जाऊन त्याला धुवायचं, शेंदूर लावायचा. जो येत नाही तो गावचा राहत नाही. आणि याची तारीख कुणालाच आधी माहीत नसते. एखाद्या वर्षी एप्रिलची अखेर, एखाद्या वर्षी मे संपत येतो. गुराखी फोटो काढून पाठवतो आणि दुसऱ्या सकाळी सगळं गाव निघतं. आता अशी रजा मालकाकडे कशी मागायची? पाणी उतरेल तेव्हा दोन दिवस सुट्टी, असं अर्जात लिहून बघा. मी लिहून बघितलंच नाही.

आता योगिताचं. तुमच्या वसाहतीतली बारावी झालेली मुलगी, मितभाषी, हात हलका. म्हाताऱ्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं हे तिला शिकवावं लागलं नाही. नाशिकला एक डॉक्टरीणबाई अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी शुश्रूषा केंद्र चालवायच्या. तिथं तिला लावायचं ठरलं. वर्षभर नीट काम केलं तर नर्सिंगच्या कोर्सला मदत करीन, असं त्यांनी कबूल केलं होतं. योगितानं तेवढ्यासाठी होकार दिला होता.

फोनवर त्या डॉक्टर मॅडमनी मला एकच विचारलं, आधीच्या मुलीसारखी मध्येच गावी पळणार नाही ना? आणि मी म्हटलं, नाही हो, रजेचा काही प्रश्न नाही, हिला घरची फारशी ओढ नाही. किती सहज म्हटलं. त्याच दुपारी योगितानं मला देवाच्या दिवसाबद्दल विचारलं. तेव्हा मी तिला सांगितलं, मॅडमशी बोलले आहे मी, पाणी उतरलं की सांगून निघ. दोघींना दोन गोष्टी सांगितल्या आणि पुढचं पुढे बघू म्हणून कामाला लागले. पाणी उतरायला वेळ होता. तोवर तीन महिने भरतील, फाइल बंद होईल, मग काय ते बोलू, असा माझा हिशेब होता.

त्या वर्षी पाणी लवकर उतरलं. तीन महिन्यांना आठ दिवस कमी होते. संध्याकाळी योगिताचा मला मेसेज आला, देवाचा फोटो आणि खाली, 'ताई, सकाळच्या गाडीने निघते.' मी अंगठा पाठवला. पाटीलबाबा, तो अंगठा! सकाळी मॅडमना फोन करून काहीतरी सांगू, असं ठरवून मी आंघोळीला गेले. बाहेर आले तर मॅडमचाच फोन वाजत होता. योगिता पहाटे फाटकावरच्या माणसाला सांगून गेली होती, मॅडमला माहीत आहे म्हणून. ती रोज सकाळी ज्या आजींना उचलून बसवायची, त्या वाट बघून स्वतःच पलंगावरून उतरायला गेल्या आणि पडल्या. मनगट मोडलं.

मॅडम पोलिसात जायचं म्हणत होत्या. फॉर्मवर ज्याची सही आहे त्याला आधी माझ्यासमोर आणा, म्हणाल्या. योगिता यायला निघाली होती, मीच तिला थांबवलं. तू नको येऊस, मी निस्तरते, असं मोठ्या बहिणीसारखं सांगितलं. ती आली असती तर तिनं तो मेसेज दाखवला असता, हे माझ्या मनात होतं. मनात नव्हतं असं आज तरी म्हणवत नाही.

देवाचं उरकून दुसऱ्या दिवशी तुम्ही धुतलेलं धोतर नेसून माझ्याबरोबर नाशिकला आलात. मॅडमच्या ऑफिसात त्या भरभर बोलत होत्या, अर्धं इंग्रजीत. 'यांनीच मला कन्फर्म केलं होतं, नो लीव्ह इश्यूज, घरची ओढ नाही' असं त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.  मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतात. मला हायसं वाटलं. म्हाताऱ्याला एवढं झरझर बोललेलं कुठं कळतंय, असं मी मनाशी म्हटलं. ज्यांच्यासाठी काम करते असं मी जगाला सांगत होते, त्यांच्याबद्दल माझं मत हे असं होतं.

मग तुम्ही हात जोडलेत.

"पोरीच्या नावानं काय लिवू नका. सही माझी हाय. माझी वळख चुकली."

ज्या माणसानं अख्खं गाव आपल्या ओळखीवर कामाला लावलं, त्याच्या तोंडून हे वाक्य निघालं आणि मी गप्प होते. एक वाक्य बोलायचं होतं मला, की चूक माझी आहे. तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती असंही नाही. फार तर बोलणी बसली असती. तेवढ्याला मी भ्याले. मॅडमनी पोलिसांचं सोडून दिलं. योगिताचं नाव मात्र त्यांनी अशी केंद्रं चालवणाऱ्यांच्या गटात सगळ्यांना कळवलं, ही मुलगी न सांगता पळते म्हणून.

परतीची एसटी त्र्यंबकवरून आली. मोखाड्याला गाडी थांबली तेव्हा तुम्ही उतरून भजी आणलीत आणि कागद मधे धरलात. आधी मला घ्यायला लावलंत. मग खिडकीबाहेर बघत विचारलंत.

"बाई, तुमी मॅडमला सांगला व्हता ना, देवाचा?"

"हो बाबा, सांगितलं होतं," मी म्हणाले.

"मंग झाला," तुम्ही म्हणालात, आणि उरलेली भजी माझ्याकडे सरकवलीत. मी ती खाल्ली.

त्यानंतर तुम्ही सही करणं बंद केलंत. हात थरथरतो, असं सांगितलंत. त्याच हातानं तुम्ही त्या पावसाळ्यात दोन टोपल्या विणून मला दिल्यात, तरी मी विश्वास ठेवला, कारण तो ठेवणं सोयीचं होतं. फॉर्ममधली ती ओळ मी काढून टाकली. योगिताच्या फाइलवर 'स्वेच्छेने काम सोडले' असं लिहिलं. नाशिकला तिला कुणी ठेवेना. नर्सिंगचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. गेली दोन वर्षं ती आईबरोबर वीटभट्टीवर जाते. रस्त्यात भेटली की 'बऱ्या हाव ना ताई' विचारते. तिची तब्येत विचारायची माझी छाती होत नाही.

परवा तुमच्या दिवसांना मी एक सुंदर भाषण पाठ करून आले होते. तुमचा शिक्का, जेवलास का, सगळं त्यात होतं. लोक हसतील कुठं आणि डोळे पुसतील कुठं, हेही ठरवलेलं. तुमच्या थोरल्या सुनेनं, दोन शब्द बोला बाई, म्हटलं तेव्हा मी उठले. समोर योगिता पंगतीसाठी पानं मांडत होती. तिचे हात भट्टीवर काम करणाऱ्यांचे होतात तसे झालेत, नखं फुटलेली. मी 'पाटीलबाबा म्हणजे' एवढं बोलले आणि पुढचं पाठ केलेलं तोंडातून येईना. मग मी सगळं सांगून टाकलं. मॅडमना काय सांगितलं होतं, योगिताला काय, अंगठा, नाशिक, मोखाड्याची भजी. पाटलांची ओळख चुकली नव्हती, मी खोटं बोलले होते, असं सगळ्यांसमोर म्हणाले आणि शिव्यांची वाट बघत उभी राहिले.

 योगितानं हातातली पानं खाली ठेवली.

"ताई, आमाला ठावा हाय," ती म्हणाली. "पाटील नाशिकवरना आले त्याच दिशी त्यांनी सांगला. ती मॅडम बोलली तवाच त्यांना समाजला. पण म्हणले, बाईला कुनी इचारू नका. ती तिच्या तोंडाना सांगंल, तवर थांबा."

म्हणजे कॅलेंडरकडे बघत तुम्ही सगळं ऐकलं होतंत. मोखाड्याला तुम्ही विचारलंत ते तुम्हाला माहीत नव्हतं म्हणून नव्हे. मला बोलायला जागा करून दिली होतीत, आणि मी तुमच्या तोंडावर हो म्हणाले. त्यानंतरची दोन वर्षं मी वसाहतीतल्या प्रत्येक घरी चहा प्याले. त्या प्रत्येक घराला माहीत होतं. बायका माझ्या तोंडाकडे बघायच्या तेव्हा मला वाटायचं, मान देतायत.

मला तुमचा रागही आला, हेही सांगून टाकते. इतकं थांबायचं असतं का हो? एकदा खडसावलं असतंत तर मी तिथंच कोसळले असते, पण त्या मुलीची दोन वर्षं भट्टीत गेली नसती. माझ्या तोंडून सत्य यावं म्हणून तुम्ही थांबलात, त्याची किंमत योगितानं का भरायची? बघा, अजून भांडतेय तुमच्याशी. भांडता भांडता लक्षात येतं, की थांबायला तुम्ही सांगितलंत खरं, पण थांबवून मीच ठेवलं होतं. तुम्हाला वाटलं असेल, बाई शिकलेली आहे, आठ-पंधरा दिवसांत सांगेल. माझ्याबद्दल मात्र तुमची ओळख खरंच चुकली.

मी योगिताला म्हटलं, मॅडमना आजच पत्र लिहिते, सगळं कबूल करते, तुझं नाव मोकळं करते. तिनं खाली ठेवलेली पानं उचलली. मग तिनं सांगितलं की पत्र नको. पाटील स्वतः गेले होते, तुम्हीही स्वतः चला, आणि मला सोबत न्या, माझ्यासमोर सांगा. मुंबईच्या ऑफिसला मी काल कळवलं आहे. ते काय करायचं ते करतील. उद्या पहिल्या गाडीनं आम्ही दोघी निघतोय. मॅडम तिला परत घेतील की नाही, कोर्सचं काय होईल, मला माहीत नाही. त्या ओरडल्या तर बरं वाटेल. त्या हसून 'जाऊ द्या हो, जुनं झालं' म्हणाल्या तर मी काय करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिवसांना मी सगळं सांगितलं असं वर लिहिलं आहे. एक गोष्ट राहिली. ती कुणाला माहीत नाही, तुम्ही घरी सांगितली नसणार. त्या ऑफिसात मॅडमच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. 'बसा' म्हटल्यावर मी एका खुर्चीवर बसले. तुम्ही पाऊण तास उभे होतात. दुसऱ्या खुर्चीवर मी माझी पर्स ठेवली होती.